मिनिटभराचं भावगीत

मराठी भावगीत रेडिओबरोबर मागं पडलं, असं अनेक जण हळहळून सांगतात. मला ते पटत नाही. १९९० नंतरच्या वीस वर्षांत मराठी घरांत कानावर पडलेली नवी गाणी आठवायला बसलं, की चित्रपटगीतांच्या जोडीनं मालिकांची शीर्षकगीतंच भराभर ओठावर येतात. साधा हिशेब करून पाहा. आठवड्यातले पाच-सहा दिवस चालणारी मालिका वर्षभर टिकली, तर तिचं गाणं त्या घरात अडीचशे-तीनशे वेळा वाजतं. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले. आकाशवाणीच्या उत्तम काळातही कुठल्या भावगीताला इतक्या वेळा एकाच घरात शिरता आलं नसेल. भावगीत संपलं नव्हतं, ते मालिकेच्या दारात येऊन राहिलं होतं. तिथं त्याला जागा मिळाली मिनिटभराची, आणि पुढं तीही राहिली नाही.

आपल्या गाण्यांकडं वळण्याआधी जरा बाहेर पाहू. दूरचित्रवाणीसाठी खास गाणं लिहायचं, हे काम सर्वांत मनावर घेतलं ते इटलीनं. तिथल्या ‘कान्झोनिस्सिमा’ या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी दर हंगामाला नवं शीर्षकगीत तयार होई. १९७० मध्ये राफाएला कार्रानं गायलेलं गाणं आजही इटलीत लोकांना पाठ आहे. १९७६ मध्ये ‘सांदोकान’ ही चाच्यांच्या पराक्रमाची मालिका आली. नायक होता आपला कबीर बेदी, आणि गाणं केलं होतं ‘ऑलिव्हर अनियन्स’ या नावानं गाणाऱ्या ग्विदो आणि मौरिझियो दे आंजेलिस या भावांनी. कबीर बेदीचा चेहरा आणि ते गाणं, दोन्ही एकदमच इटलीच्या घराघरांत पोचलं. १९७८ मध्ये जपानी यंत्रमानवांची कार्टून मालिका तिथं दाखवली गेली, तेव्हा लुइजी अल्बेर्तेल्ली आणि विन्चे तेम्पेरा यांनी तिला थेट नाचायला लावणारं इटालियन गाणं दिलं. क्रिस्तिना द’आवेना या गायिकेचं तर सगळं नाव कार्टूनच्या शीर्षकगीतांवर उभं आहे.

इटलीतल्या या गाण्यांचं एक वैशिष्ट्य आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचं आहे. ती छोट्या तबकडीवर दुकानात विकली जात. तबकडीवर गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं नाव छापलेलं असे. मालिका संपली तरी गाणं कपाटात राही, जत्रेत वाजे, आणि त्याच्या विक्रीचा हिशेब होई. मराठी शीर्षकगीताला असं दुकान कधी मिळालंच नाही. आपल्याकडची ही गाणी जन्मली तेव्हा कॅसेटचा जमाना होता. कॅसेटला आठ-दहा गाणी लागत आणि मिनिटभराच्या गाण्यावर कॅसेट निघत नसे. आपलं शीर्षकगीत मालिकेबरोबर यायचं आणि मालिकेबरोबरच जायचं. त्याची बरीचशी दुःखं इथून सुरू होतात.

मालिकांना गाण्यानं सुरुवात करण्याची सवय मात्र मराठी माणसाला कुणी शिकवावी लागली नाही. नाटकाला नांदी, तमाशाला गण, कीर्तनाला नमन ही आपली जुनी रीत. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून पडदा वर जाण्याआधी सूर कानावर पडणं हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी वर्षभर चालली. गदिमा आणि सुधीर फडके यांनी महाराष्ट्राला ठरल्या वेळी, ठरल्या दिवशी, कथेचा पुढचा भाग गाण्यातून ऐकायला बसवलं. मालिका पाहणारा प्रेक्षक घडवण्यात या एका कार्यक्रमाचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. ‘चिमणराव’सारख्या सुरुवातीच्या मालिकांनी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घरातली माणसं करून टाकलं. पण शीर्षकगीत म्हणून मनात ठसलेलं पहिलं मोठं नाव घ्यायचं, तर ते ‘गोट्या’चं. ना. धों. ताम्हनकरांच्या कथांवरची, राजदत्तांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. गाणं मधुकर आरकडे यांचं, चाल अशोक पत्कींची. गाण्यात गोट्याचं नाव नाही, त्याच्या खोड्या नाहीत, गोष्टीतला एकही प्रसंग नाही. आहे ती एका बीजाची कल्पना: ते रुजतं कसं, त्याला माती-पाणी कोण देतं, त्याची राखण कोण करतं. अनाथ मुलाच्या गोष्टीला याहून नेमकं दार करता आलं नसतं. मुलांच्या वृंदाला सहज पेलेल अशी चाल, आवाक्यातल्या पट्टीत, प्रत्येक ओळ एका श्वासात मावणारी. म्हणून हे गाणं शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेलं, आणि ज्यांनी ‘गोट्या’चा एकही भाग पाहिलेला नाही अशी मुलंही ते म्हणतात. शीर्षकगीत मालिकेपेक्षा जास्त जगल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरं नाही.

अशोक पत्कींपाशी जरा थांबायला हवं, कारण मराठी शीर्षकगीताचा साचा मुख्यतः त्यांच्या हातून पडला. १९४१ चा जन्म. एका बाजूला सुमन कल्याणपूर यांच्यासाठी केलेली भावगीतं, नाटकांचं संगीत, जितेंद्र अभिषेकींबरोबरचं काम. दुसऱ्या बाजूला जाहिरातींच्या जिंगल्सचा अफाट अनुभव. १९८८ मध्ये देशभर गाजलेल्या ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ची चालही त्यांचीच. जिंगल करणाऱ्याला दहा सेकंदांत सांगावं लागतं की हे काय आहे. भावगीत करणाऱ्याला एका शब्दावर रेंगाळून त्याचा अर्थ खुलवावा लागतो. हे दोन्ही येणारा माणूस मालिकांच्या काळात नेमका हाताशी असणं, हे मराठीचं भाग्य. शीर्षकगीत म्हणजे भावगीताचे शब्द आणि जिंगलची वेळ यांची सांगड. यातलं एक जरी सुटलं तरी गाणं फसतं.

ही सांगड सर्वांत सुंदर जमली ती ‘आभाळमाया’त. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ही मालिका आली. शब्द मंगेश कुडाळकरांचे, चाल पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा. किशोरी आमोणकर आणि अभिषेकी यांच्याकडे शिकलेली गायिका रोज रात्री मिनिटभर घरात गात होती, ही गोष्ट आज किती मोठी वाटते! त्या गाण्यात स्वर उंच चढत नाही, दाखवेगिरीची एकही तान नाही. जीव जडणं आणि त्या जडण्यातली न टळणारी वेदना, एवढाच आशय. गाणं संपताना मालिकेचं नाव येतं ते घोषणा म्हणून येत नाही. वाक्य पुरं व्हायला तोच शब्द लागतो म्हणून येतो. शीर्षकगीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथंच असते. मालिकेचं नाव वाहिनी आधीच ठरवून देते. ते गाण्यात चिकटवलेलं दिसलं की गाणं जाहिरात होतं, आणि गाण्यातून उगवलं की ते गाणं राहतं. कुडाळकर-पत्की जोडीनं पुढं ‘वादळवाट’लाही तोच दर्जा दिला. तिथं दोन परस्परविरोधी शब्दांचं नाव होतं, आणि गाण्यानं वादळ बाजूला ठेवून वाटेवरचं कोवळेपण आधी गायलं. मालिका गुन्हे, न्यायालय, राजकारण यांत फिरली. गाण्यानं प्रेक्षकाला रोज सांगितलं की मूळ गोष्ट माणसांची आहे.

त्यानंतरच्या पिढीत नीलेश मोहरीर यांचं काम ठळक आहे. ‘कळत नकळत’सारख्या मालिकेत त्यांनी तरुण प्रेक्षकाला हवा असलेला हलका, गिटारचा रंग आणला. पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते २०१२ च्या ‘उंच माझा झोका’चं. मालिका रमाबाई रानड्यांची. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेली मुलगी, न्यायमूर्ती रानड्यांनी तिला शिकवायला घेणं, घरातल्या बायकांचा विरोध, आणि पुढं १९०९ मध्ये पुण्यात उभी राहिलेली सेवासदन संस्था. एवढा पट असताना गीतानं झोका निवडला. नागपंचमीचा, माहेरचा, पोरीबाळींच्या ओळखीचा झोका. वर जाण्याची इच्छा आणि परत खाली येण्याची सक्ती, दोन्ही त्यात आपोआप आलं. चालीतही तो हेलकावा आहे. थोर स्त्रीवर गाणं करताना जयजयकाराचा मोह टाळला, म्हणून ते गाणं लहान मुलींच्या तोंडी बसलं.

इतिहासाच्या मालिकांत वेगळी वाट निघाली. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या ‘राजा शिवछत्रपती’साठी अजय-अतुल यांनी सतराव्या शतकातल्या कवी भूषणाच्या ब्रज भाषेतल्या छंदाला चाल लावली. वीररसाचा तो छंद शाळेत कधीतरी कानावरून गेलेला होता. मालिकेनंतर तो शिवजयंतीच्या मिरवणुकीत, ढोल-ताशाच्या पथकात पोचला. मालिकेच्या गाण्यानं एका जुन्या कवीला पुन्हा लोकांत आणलं, याची नोंद साहित्याच्या इतिहासात व्हायला हवी.

आणि ‘जय मल्हार’. हे गाणं समजून घ्यायला लवळ्यासारख्या गावात यावं. मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्याच्या पश्चिमेला, पिरंगुट आणि सूस-नांदे यांच्या मध्ये. वर डोंगरावर सिंबायोसिसचा मोठा परिसर आहे, फ्लेम विद्यापीठही लवळ्याच्याच हद्दीत. खाली गावठाण, भाताची खाचरं आणि दरवर्षी वाढत जाणारे प्लॉट. या भागात कित्येक घरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. लग्नानंतर जागरण-गोंधळ घालायचा, वाघ्या-मुरळी बोलवायची, ही रीत अजून मोडलेली नाही. २०१४ मध्ये झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली आणि आदर्श शिंदे यांच्या आवाजातलं तिचं गाणं अशा घरांत आलं, तेव्हा ते टीव्हीचं गाणं म्हणून आलंच नाही. प्रल्हाद शिंदे यांचा नातू आणि आनंद शिंदे यांचा मुलगा गातो आहे. त्या घराण्याचा खुला, मैदानी आवाज या मातीनं तीन पिढ्या ऐकलेला आहे. पंकज पडघन यांच्या चालीत जागरणाचा ठेका होता. गाणं बँजो पार्टीनं उचललं, हळदीच्या मांडवात वाजवलं, आणि थोड्याच दिवसांत ते कुठल्या मालिकेचं हे विचारायचीही गरज उरली नाही. गाव एखादं गाणं आपलं म्हणतं ते असं. शब्दांच्या दृष्टीनं ‘आभाळमाया’ मला अधिक प्रिय आहे, पण लोकांनी अंगावर घेतलेलं गाणं म्हणून ‘जय मल्हार’ला मी वरचं स्थान देतो.

गाण्याचं घरातलं कामही गावात जास्त स्पष्ट दिसतं. संध्याकाळी सात ते दहा या वेळात भाकरी तव्यावर असते, जनावराला वैरण टाकायची असते, कुणी पिरंगुटच्या कंपनीतून शिफ्ट संपवून येतं. टीव्हीसमोर कुणीच बसलेलं नसतं. गाणं सुरू झालं की आतून हाक येते, ‘लागली का गं?’ आणि गाणं संपेपर्यंत हात पुसून बाई बाहेर येते. म्हणून शीर्षकगीताची पहिली दोन सेकंदं स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी असावी लागतात: सतारीचा एखादा तुकडा, बासरीची फिरत, कोरसचा उठाव. गाण्याची लांबीही तेवढीच हवी, तवा उतरवून ओट्यावरून बाहेरच्या खोलीत येण्याइतकी. मिनिटभराचं गाणं ही नुसती हौस नव्हती, त्यामागं घराच्या कामाची घडी होती.

ही घडी मोडली ती जाहिरातींच्या दरानं. अर्ध्या तासाच्या जागेत गोष्ट सुमारे बावीस मिनिटं, उरलेली वेळ जाहिरातींची. टीआरपी मिनिटामिनिटानं मोजला जाऊ लागल्यावर रोज तेच गाणं दाखवण्यात प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवर जाईल, ही भीती बसली. मग गाणं आधी अर्ध्यावर आलं, पुढं वीस-पंचवीस सेकंदांचा मोंताज झाला. कित्येक मालिकांत आता भाग थेट कालच्या प्रसंगानं सुरू होतो आणि गाणं मध्येच कुठंतरी ओझरतं दिसतं. मोबाइलवर पाहणाऱ्यासाठी तर गाणं वगळून पुढं जाण्याचं बटण पडद्यावरच असतं. पूर्ण गाणं यूट्यूबवर टाकलेलं सापडतं, पण ते मुद्दाम शोधणारा वेगळा आणि रोज नकळत ऐकणारा वेगळा. भावगीत मनात मुरायला हा दुसरा श्रोता लागतो.

लांबी कमी झाली की आधी अंतरा जातो. अंतरा गेला की कल्पना उलगडायला जागाच राहत नाही. उरतो मुखडा, आणि मुखड्यात वाहिनीला हवं असतं मालिकेचं नाव. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांतली शीर्षकगीतं एकापाठोपाठ एक ऐकली तर मन, नातं, सावली, रेशीम, गाठ, साथ, स्वप्न हेच शब्द जागा बदलून येताना दिसतात. दोष कवींचा नाही. श्रीरंग गोडबोले, गुरु ठाकूर, अश्विनी शेंडे, रोहिणी निनावे ही सगळी समर्थ माणसं आहेत. निनावे तर मालिकांचे संवादही लिहितात. पात्रांच्या तोंडची भाषा त्यांना आतून ठाऊक असते. पण चाल आधी, त्यावर डमी शब्द, मग वाहिनीकडून आलेला ‘ब्रीफ’, मग चार जणांच्या सूचना, आणि प्रोमो परवा जायचा आहे, अशा घाईत उत्तम कवीही नेहमीच्या शब्दांकडे वळतो.

दुसरीकडं वाहिन्या मालिकांची नावंच जुन्या गाण्यांतून घेऊ लागल्या. ‘या सुखांनो या’, ‘का रे दुरावा’, ‘रात्रीस खेळ चाले’, ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’. ‘का रे दुरावा’च्या मागं गदिमा, सुधीर फडके आणि आशाबाई आहेत, ‘रात्रीस खेळ चाले’च्या मागं सुधीर मोघे आणि हृदयनाथ मंगेशकर, ‘सुख म्हणजे’च्या मागं ‘एका लग्नाची गोष्ट’ हे नाटक, श्रीरंग गोडबोले, पुन्हा अशोक पत्की आणि प्रशांत दामले. प्रेक्षकाच्या मनात या ओळींनी साठवलेली माया मालिकेला फुकट मिळते. जुन्या गाण्याची आठवण जागी राहते हे मला आवडतं. पण वीस वर्षांनी कुणी मालिकेचं नाव ठेवील अशी ओळ लिहायला आजच्या कवीला वेळ आणि जागा द्यायला हवी. ती कोण देणार?

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे, कारण गोष्टीच बाहेरून येतात. ‘आई कुठे काय करते’ बंगाली मालिकेवरून, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळम मालिकेवरून, ‘ठरलं तर मग’ तमिळ मालिकेवरून. त्यात गैर काहीच नाही. गोष्टींनी असं फिरावं. पण कथानक, पात्रांची मांडणी, वळणं जेव्हा दुसरीकडून येतात, तेव्हा मालिका मराठी होण्याच्या जागा थोड्या उरतात: संवाद, सण, जेवण आणि शीर्षकगीत. जपानी कार्टूनला इटलीनं इटालियन गाणं दिलं आणि त्या मुलांसाठी ते कार्टून इटलीचं झालं. आपल्याकडं हिंदीत ‘जंगल बुक’ला गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी गाणं दिलं आणि जपानी मोगली इथला झाला. मराठी रूपांतरांना ही ताकद वापरता येते. त्यासाठी वीस सेकंद अपुरे आहेत.

आता पैशाचा आणि नावाचा मुद्दा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडं कायम ठेवला. करारावर सही करूनही तो सोडून देता येत नाही. १९६९ पासून चालत आलेली आयपीआरएस ही संस्था हा पैसा गोळा करून वाटते. पण वाटप होण्यासाठी गाण्याची नोंद हवी, नोंदीत गीतकाराचं नाव हवं, वाजलेल्या वेळांचा हिशेब हवा. शीर्षकगीत गाणं म्हणून वेगळं विकलंच जात नाही, त्यामुळं अनेकांना ते नोंदवण्याजोगं वाटतच नाही. त्यात मालिकेची श्रेयनामावली इतक्या वेगानं सरकते की गीतकाराचं नाव वाचता येत नाही. झी मराठीच्या वार्षिक पुरस्कारांत शीर्षकगीताला वेगळा पुरस्कार आहे, ही चांगली गोष्ट. पण वर्षातून एकदा टाळ्या आणि वर्षातले तीनशे दिवस वाचता न येणारं नाव, हे प्रमाण बरोबर नाही. गाण्याच्या पट्टीतच गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं तीन सेकंद स्थिर दाखवली तर वाहिनीचं काहीही जात नाही.

जतनाचं काम त्याहून मागं आहे. चित्रपटांसाठी निदान पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळानं मालिकागीतांचा वेगळा विभाग करून शब्द आणि श्रेय नोंदवलं, हे मोलाचं काम आहे. पण मूळ ध्वनिमुद्रण, वगळलेले अंतरे, भावुक प्रसंगांसाठी वेगळं करून घेतलेलं ‘सॅड व्हर्जन’, वाद्यवृंदात कोण होतं, हे सगळं निर्मात्यांच्या जुन्या टेपांवर आणि माणसांच्या आठवणीत आहे. टेप बुरशी धरतात. त्या काळचे कित्येक वादक आता वयानं बरेच पुढं गेले आहेत.

इथं मला पुन्हा लवळ्याचा विचार येतो. डोंगरावर सिंबायोसिसची माध्यमांचं शिक्षण देणारी संस्था आहे, देशभरातून आलेली मुलं तिथं ध्वनी, दृश्य, जाहिरात शिकतात. खाली दीड-दोन किलोमीटरवर अशा बाया आहेत, ज्यांनी ‘दामिनी’सारख्या जुन्या मालिकेपासून आजपर्यंतची प्रत्येक मालिका पाहिली आहे आणि ज्यांना वाहिनी बंद पडलेल्या मालिकांचीही गाणी चालीसकट येतात. एका सत्राचा प्रकल्प म्हणून मुलांनी ध्वनिमुद्रक घेऊन खाली उतरावं, या गाण्यांची लोकांच्या तोंडून नोंद करावी, आणि तीच यादी घेऊन गीतकार, संगीतकार, वादक यांच्याकडं जावं. कोणता अंतरा कापला, नाव कुणी सुचवलं, चाल किती वेळात झाली, बासरीवर कोण होतं, मानधन एकरकमी होतं का, हे विचारावं. मराठी येणारी दोन-चार मुलं प्रत्येक गटात असली की पुरे. सुरुवात ‘गोट्या’पासून करावी आणि ज्या मालिकांच्या वाहिन्याच आता त्या नावानं उरलेल्या नाहीत, त्यांची गाणी आधी घ्यावीत; अल्फाची २००५ मध्ये झी मराठी झाली, ई टीव्ही मराठीची २०१५ मध्ये कलर्स मराठी, आणि प्रत्येक नामांतरात जुन्या टेपांचा ठावठिकाणा सांगणारं एखादं माणूस कामावरून गेलेलं असतं.